महामारीच्या चौकशीसाठी लोकांचे म्हणणे कसे गोळा करावे : नाशिक जिल्हा डोळ्यांसमोर ठेवून सविस्तर मार्गदर्शक

कोविडच्या काळात शासनाने घेतलेल्या निर्णयांची चौकशी हा विषय निघाला की चर्चा बहुधा खरेदी, निविदा आणि आकडेवारी यांपाशीच थांबते. कर्नाटक सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायमूर्ती जॉन मायकेल डी'कुन्हा यांचा आयोग नेमला, तोही मुख्यतः औषधे व वैद्यकीय साहित्याच्या खरेदीतील अनियमितता तपासण्यासाठी. अशी तपासणी आवश्यकच आहे. परंतु ऑक्सिजनची खाट शोधत एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे फिरलेल्या कुटुंबाला कोणी काय सांगितले, गावाच्या वेशीवर अडवलेल्या गरोदर बाईचे पुढे काय झाले, मुंबईत काढलेला आदेश सुरगाण्यातल्या पाड्यावर कोणत्या रूपात पोहोचला, हे कोणत्याही फाइलीत सापडत नाही. ते लोकांनाच विचारावे लागते.

ब्रिटनमध्ये बॅरोनेस हॅलेट यांच्या अध्यक्षतेखालील कोविड चौकशीने न्यायालयीन पद्धतीच्या साक्षींबरोबर 'एव्हरी स्टोरी मॅटर्स' हा स्वतंत्र उपक्रम चालवला आणि मे २०२५ मध्ये तो बंद होईपर्यंत ५८,००० हून अधिक लोकांनी आपले अनुभव नोंदवले. न्यूझीलंडच्या शाही आयोगानेही २०२४ च्या सुरुवातीला लोकांकडून अनुभव मागवले. महाराष्ट्रात अशी व्यापक चौकशी नेमली गेली, तर नाशिक जिल्ह्यात लोकांचे म्हणणे कसे गोळा करावे, याची कामाची पद्धत या लेखात मांडली आहे. आयोगाचे सचिवालय, महापालिका व जिल्हा परिषदेचे अधिकारी, समाजकार्य महाविद्यालये आणि मदतीला येणाऱ्या संस्था यांच्यासाठी ती आहे. २०२७ च्या सिंहस्थात लाखो माणसे या जिल्ह्यात येणार असल्याने साथीच्या काळातले आपले अनुभव नीट लिहून ठेवण्याची निकड नाशिकला इतरांपेक्षा अधिक आहे, असे मला वाटते.

माझा सारा भर एका गोष्टीवर आहे. जे आपणहून बोलायला येतात त्यांचे ऐकणे सोपे असते. जे येणार नाहीत त्यांच्यापर्यंत पोहोचता आले की नाही, यावर या कामाचे मोल ठरते, आणि आपल्या बोलण्याचे पुढे काय होणार हे आधी स्पष्ट कळल्याशिवाय ती माणसे तोंड उघडत नाहीत. पुढची प्रत्येक पायरी याच दृष्टीने आखली आहे.

पायरी १ : कायद्याची चौकट आधी समजून घ्या

चौकशी कोणत्या अधिकाराखाली होत आहे, हे कामाला हात घालण्यापूर्वी तपासावे. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजनची गळती होऊन किमान २२ रुग्ण दगावले, तेव्हा राज्य सरकारने विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. अशी प्रशासकीय समिती आणि चौकशी आयोग अधिनियम, १९५२ खाली अधिसूचना काढून नेमलेला आयोग, यांत मोठे अंतर आहे. या अधिनियमाच्या कलम ४ नुसार आयोगाला समन्स काढणे, शपथेवर साक्ष घेणे आणि कागदपत्रे मागवणे यांसाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार मिळतात.

लोकांच्या दृष्टीने कलम ६ सर्वांत महत्त्वाचे आहे. आयोगापुढे साक्ष देताना केलेले कथन, खोटी साक्ष दिल्याच्या खटल्याखेरीज, त्या व्यक्तीविरुद्ध दिवाणी किंवा फौजदारी कामात वापरता येत नाही. मात्र हे संरक्षण आयोगापुढील साक्षीला, आणि तेही आयोगाने विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तराला किंवा चौकशीच्या विषयाशी संबंधित कथनाला आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत बसून एखाद्या कार्यकर्त्याला सांगितलेली हकीकत आपोआप त्या संरक्षणात येते, असे गृहीत धरू नये, आणि लोकांना तसे आश्वासन तर मुळीच देऊ नये. शिवाय बदली, मानधन अडवणे किंवा गावातून होणारा दबाव यांपासून हे कलम कोणाचेही रक्षण करत नाही. म्हणून सचिवालयाने पहिल्याच आठवड्यात आयोगाच्या विधी सल्लागाराकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात : गोळा होणाऱ्या अनुभवकथनाचा कायदेशीर दर्जा काय, आणि सांगणाऱ्याचे नाव गुप्त ठेवण्याची हमी आयोग कोणत्या मर्यादेपर्यंत देऊ शकतो. हे दोन परिच्छेद प्रत्येक कार्यकर्त्याजवळ छापील हवेत.

'अनुभवकथन' आणि 'साक्ष' यांचे मार्ग सुरुवातीपासून वेगळे ठेवावेत. अनुभवकथनासाठी प्रतिज्ञापत्र मागू नये. आयोगांची रूढ पद्धत वृत्तपत्रात जाहीर नोटीस देऊन प्रतिज्ञापत्रे मागवण्याची आहे. स्टॅम्प, नोटरी आणि वकील यांच्या खर्चाने व धास्तीने निम्मी माणसे तिथेच मागे फिरतात. ज्यांच्या हकिकतीतून विशिष्ट व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या जबाबदारीचा प्रश्न उभा राहतो, त्यांनाच, त्यांची तयारी असेल तर, पुढे साक्षीच्या मार्गावर न्यावे.

पायरी २ : कार्यकक्षा ठरवतानाच लोकांना विचारा

चौकशीत कोणते विषय येतील हे ठरून गेल्यावर लोकांना बोलावले, तर त्यांना आपल्या मनातले दुसऱ्याच्या चौकटीत कोंबावे लागते. ब्रिटनमध्ये २०२२ च्या वसंत ऋतूत कार्यकक्षेच्या मसुद्यावरच सार्वजनिक मते मागवली गेली आणि २०,००० हून अधिक प्रतिसाद आले. न्यूझीलंडमध्ये अनुभवांबरोबर चौकशीच्या व्याप्तीविषयीही विचारले गेले आणि त्यानंतर दुसरा टप्पा नव्या कार्यकक्षेसह जाहीर झाला.

नाशिकमध्ये या टप्प्यासाठी चार ते सहा आठवडे पुरेत. मसुदा दोन पानांचा, साध्या मराठीत असावा, आणि त्याच्या शेवटी एकच प्रश्न असावा : 'यात कोणता विषय राहून गेला आहे?' या प्रश्नाला येणारी उत्तरे मुंबईत बसून सुचणारी नसतात. मार्च २०२० मध्ये ऐन हंगामात तोडणीला आलेली द्राक्षे बागेत अडकली, त्याविषयी निफाड आणि दिंडोरीचा शेतकरी बोलेल. मार्च २०२१ च्या अखेरीस शहरातल्या काही बाजारपेठांत शिरण्यासाठी माणशी ५ रुपयांचे तिकीट लावले गेले, त्याबद्दल मेनरोडचा दुकानदार आणि तिथे रोज येणारा हातगाडीवाला अगदी वेगवेगळे बोलतील. कोविड नसलेल्यांचे हाल, म्हणजे डायलिसिस, बाळंतपण, क्षयरोगाची औषधे, हा विषय बहुतेक मसुद्यांत राहून जातो आणि लोकांकडूनच तो आत येतो.

पायरी ३ : माणसांचा नकाशा आणि वर्षाचे वेळापत्रक

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण इथली चूक पुढे दुरुस्त होत नाही. जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत आणि महापालिकेचे सहा विभाग. जिल्हाधिकारी कार्यालयात एक आणि महापालिकेच्या राजीव गांधी भवनात एक अशा दोन जनसुनावण्या ठेवल्या, तर निवृत्त अधिकारी, संघटनांचे पदाधिकारी, वकील आणि पत्रकार येतील, मुद्देसूद बोलतील, आणि आयोगाला वाटेल की जिल्हा ऐकून झाला.

त्याऐवजी मोठ्या कागदावर एक तक्ता करावा. आडव्या ओळींत तालुके आणि शहराचे विभाग, उभ्या रकान्यांत महामारीचा भार वेगवेगळ्या तऱ्हेने सोसलेले गट : घरातले माणूस गमावलेले, दीर्घकाळ आजारी राहिलेले, आशा स्वयंसेविका व गटप्रवर्तक, परिचारिका, रुग्णवाहिकेचे चालक, सफाई कामगार, अमरधाममध्ये अंत्यविधी करणारे कर्मचारी, पोलीस, यंत्रमाग कामगार, शेतमजूर, शेतकरी, छोटे दुकानदार, त्या वेळी शाळेत असलेली मुले, अपंग व्यक्ती, एकट्या राहणाऱ्या वृद्ध व्यक्ती. ज्यांना शासनाची मदत वेळेवर मिळाली आणि ज्यांची काही तक्रार नाही, त्यांनाही एक रकाना हवा. काय नीट चालले हे कळले नाही, तर पुढच्या वेळी नेमके तेच मोडीत निघते. ज्यांनी निर्बंधांना किंवा लसीला विरोध केला, त्यांनाही वगळू नये. प्रत्येक चौकटीत किमान किती माणसांशी बोलायचे हे आधी लिहावे आणि दर आठवड्याला तक्त्यावर खूण करावी. जी चौकट रिकामी दिसेल, पुढच्या आठवड्याचे काम तिथे.

माणसे कुठे भेटतील हे जसे महत्त्वाचे, तसेच ती केव्हा भेटतील हेही. सुरगाणा, पेठ आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर किंवा शहरातल्या बांधकामांवर मजुरीला उतरतात आणि होळीच्या सुमारास वा त्यानंतर परततात. जानेवारीत सुरगाण्यात बैठक लावली, तर ओसरीवर म्हातारी माणसे आणि लहान मुलेच सापडतील. आषाढात सगळे आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, चिखलात असतात. भाताची आवणी आटोपल्यावर, श्रावणाच्या उत्तरार्धापासून भात कापणीला येईपर्यंतचा काळ तिथे योग्य. पावसाने रस्ते बंद होण्याची शक्यता धरून एक राखीव दिवस ठेवावा. द्राक्ष बागायतदाराला ऑक्टोबरची छाटणी आणि फेब्रुवारी ते एप्रिलची तोडणी या काळात बोलावू नये. मालेगावात यंत्रमाग कामगार शुक्रवारी मोकळा असतो, म्हणून नमाजानंतरची दुपार ठेवावी. सातपूर-अंबडच्या कामगारांसाठी पाळी सुटण्याच्या वेळा पाहाव्यात आणि जागा कारखान्यापासून दूर निवडावी. ग्रामीण भागात आठवडे बाजाराचा दिवस निरोप पोहोचवायला उत्तम आहे, पण अनुभव ऐकायला वाईट. बाजारात घाईत असलेल्या माणसाला दुःखाची गोष्ट विचारू नये.

भाषेचा प्रश्न याच टप्प्यावर सोडवावा. बागलाण, कळवण, देवळा आणि मालेगावच्या खेड्यांत घरची भाषा अहिराणी, सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर कोकणा आणि इतर आदिवासी बोली, मालेगाव शहरात उर्दू, औद्योगिक वसाहतींत हिंदी आणि भोजपुरी. जाहीर निवेदन प्रमाण मराठीत असेल, परंतु ऐकायला बसणारा माणूस त्या बोलीचा हवा. मालेगावसाठी प्रपत्र उर्दू लिपीत छापावे. नोंद ज्या भाषेत सांगितली त्याच भाषेत ठेवावी आणि मराठी अनुवाद तिच्या जोडीला जोडावा.

जिल्ह्यातून निघून गेलेल्यांचाही एक रकाना लागेल. मे २०२० च्या पहिल्या दोन दिवसांत नाशिकरोडहून भोपाळ आणि लखनौकडे श्रमिक विशेष गाड्या सुटल्या. त्याआधी आणि नंतरही मुंबई-आग्रा महामार्गाने हजारो माणसे पायी गेली. त्यांतले काही परत आले, काही आले नाहीत. ठेकेदार, खोलीमालक आणि आज इथे काम करणारे त्यांचे गाववाले यांच्यामार्फत फोन नंबर मिळवता येतात. फोनवर घेतलेली नोंदही प्रत्यक्ष भेटीइतक्याच काळजीने घ्यावी. कसाऱ्याच्या घाटापासून चांदवडपर्यंत रस्त्यावर ज्यांनी जेवण-पाणी वाटले, त्यांनी पाहिलेलेही लिहून घेण्याजोगे आहे.

पायरी ४ : विचारायचे काय

प्रश्न थोडे आणि मोकळे ठेवावेत. 'शासनाची कामगिरी तुम्हाला समाधानकारक वाटली का?' या प्रश्नाला हो किंवा नाही एवढेच उत्तर येते आणि त्यातून आयोगाला काही शिकता येत नाही. त्याऐवजी क्रमाने विचारावे : त्या काळात तुम्ही कुठे होतात, घरी कोण होते, पहिली अडचण कोणती आली, तुम्ही कोणाकडे गेलात, त्यांनी काय सांगितले, मग काय झाले. 'तेव्हा काय असते तर उपयोग झाला असता?' हा प्रश्न शेवटी, आणि प्रत्येकाला विचारावा. शिफारशींचे मूळ बहुतेक वेळा याच उत्तरांत सापडते.

इतक्या वर्षांनंतर तारखा कोणाच्याही लक्षात राहात नाहीत. माणूस 'पहिल्या लॉकडाऊनमध्ये' म्हणतो आणि घटना दुसऱ्या लाटेतली निघते. यावर उपाय म्हणून प्रत्येक कार्यकर्त्याजवळ सणावारांची आठवण-पत्रिका असावी. एका बाजूला तारीख, दुसऱ्या बाजूला लोकांना आठवेल अशी खूण : २२ मार्च २०२०, रविवार, जनता कर्फ्यू, २५ मार्च २०२०, गुढीपाडवा, देशभर टाळेबंदीचा पहिला दिवस, एप्रिल-मे २०२०, रमजान, मालेगावातला कडक बंदोबस्त, २२ ऑगस्ट २०२०, गणपती बसले, १५ सप्टेंबर २०२०, 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेची सुरुवात, १६ जानेवारी २०२१, लसीकरणाचा आरंभ, १३ एप्रिल २०२१, पुन्हा गुढीपाडवा, २१ एप्रिल २०२१, रामनवमी, ऑक्सिजन गळतीचा दिवस. 'पाडव्याच्या आधी की नंतर? पहिला पाडवा की दुसरा?' एवढे विचारले की माणूस स्वतःच दिवस जुळवत जातो. शेतकऱ्यासाठी छाटणी, तोडणी आणि उन्हाळ कांद्याची काढणी या खुणा वापराव्यात. तरीही तारीख लागली नाही तर 'नक्की आठवत नाही' असेच लिहावे; अंदाजाची तारीख ठाशीवपणे लिहिल्यास पुढे साऱ्या हकिकतीवरच संशय घेतला जातो.

ऐकणाऱ्याला त्या काळचे नियम ठाऊक असले पाहिजेत, नाहीतर महत्त्वाचा धागा त्याच्या हातून निसटतो. राज्य सरकारने मे २०२० मध्ये खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांसाठी दर ठरवून दिले होते : साध्या कक्षात दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागात ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,०००, पीपीई किट आणि महागडी औषधे त्याबाहेर होती. त्याच महिन्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची व्याप्ती सर्व नागरिकांपर्यंत वाढवण्यात आली. बिलाची गोष्ट निघाली की एकूण रक्कम लिहून थांबू नये. खाट सरकारने ठरवलेल्या दराची होती की नव्हती हे कोणी सांगितले का, योजनेत बसवण्याविषयी काय उत्तर मिळाले, आगाऊ किती भरून घेतले, बिलाची तपासणी करून घेता येते हे माहीत होते का, हे एकेक करून विचारावे.

मृत्यूच्या बाबतीतही तसेच. केंद्राच्या सप्टेंबर २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चाचणी सकारात्मक आल्यापासून ३० दिवसांत झालेला मृत्यू कोविडचा मानला गेला, आणि सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२१ च्या आदेशात ५०,००० रुपयांच्या सानुग्रह साहाय्याला मान्यता दिली. ज्यांची चाचणीच झाली नाही, ज्यांच्याकडे फक्त छातीच्या स्कॅनचा अहवाल आहे, किंवा जे घरीच गेले, त्यांच्या नातेवाइकांना कोणत्याही यादीत जागा मिळाली नसेल. तुमच्या प्रपत्रात ती असली पाहिजे. कोविडचा पुरावा नाही म्हणून कोणालाही परत पाठवू नये.

पायरी ५ : ऐकण्याची बैठक

जागा पोलीस ठाणे, तहसील किंवा रुग्णालय यांची नसावी. समाजमंदिर, शाळेचा वर्ग, वाचनालय, बचत गटाची खोली चालेल. एका वेळी एकाच कुटुंबाला आत घ्यावे. समोर दोघे बसावेत : एक ऐकणारा आणि बोलणारा, दुसरा फक्त लिहिणारा. ऐकणारा खाली मान घालून लिहीत राहिला, तर हकीकत सांगणाऱ्याची वाक्ये आखूड होत जातात आणि तो 'बाकी तुम्हाला माहितीच आहे' म्हणून आवरते घेतो.

पहिली दहा मिनिटे संमतीची. 'ही नोंद कोण वाचणार, तुमचे नाव छापले जाणार की नाही, ही नोंद दिल्याने नुकसानभरपाई मिळणार नाही, आणि मध्येच थांबावेसे वाटले किंवा नंतर नोंद मागे घ्यावीशी वाटली तर कुठे कळवायचे' हे बोलून सांगावे, नुसता कागद पुढे सरकवू नये. भरपाईविषयीचे वाक्य कठोर वाटते म्हणून टाळण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण पैसे मिळतील या आशेने एखादी विधवा बाई मजुरी बुडवून दोन वेळा आली आणि हात हलवत परतली, तर त्या वस्तीत पुन्हा कोणी दार उघडणार नाही. आधार क्रमांक मागू नये. या कामाला त्याची गरज नाही.

स्त्रियांसाठी वेगळी वेळ आणि ऐकायला स्त्री हवी. दीर किंवा सासरे शेजारी बसलेले असताना नवऱ्याच्या पश्चात जमीन कोणाच्या नावावर झाली, विम्याचे पैसे कोणी उचलले हे ती सांगणार नाही, आणि महामारीचा खरा परिणाम अनेक घरांत तिथेच आहे. कोविडमुळे पती गमावलेल्या महिला आणि अनाथ झालेली मुले यांच्यासाठी राज्याने २०२१ मध्ये 'मिशन वात्सल्य' सुरू केले, तेव्हा तालुका पातळीवर समित्या झाल्या. त्यांच्यामार्फत या महिलांना निरोप देता येईल, पण याद्या मागून थेट घरी जाऊ नये. निरोप आधी, होकार नंतर, भेट त्यानंतर.

दुःख ऐकताना घाई करू नये आणि तपशिलासाठी खोदून विचारू नये. माणूस रडू लागला तर लिहिणाऱ्याने पेन खाली ठेवावे. पाणी द्यावे, थांबावे, पुढे बोलायचे का विचारावे. 'देवाची इच्छा', 'सगळ्यांचेच तसे झाले' अशी वाक्ये कार्यकर्त्याच्या तोंडून निघता कामा नयेत. मानसिक आधारासाठी असलेल्या शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी प्रत्येकाला जाताना द्यावी, आणि दुसऱ्या दिवशी एक फोन करून चौकशी करावी. दिवसभरात एका जोडीने चारपेक्षा जास्त नोंदी घेऊ नयेत. संध्याकाळी सगळ्या जोड्यांनी एकत्र बसून आपले मन मोकळे करावे. अन्यथा चांगली मुले दोन आठवड्यांत काम सोडून जातात.

आशा स्वयंसेविकांबाबत विशेष दक्षता घ्यावी. घरोघर फिरून ऑक्सिमीटर लावणाऱ्या, गावकऱ्यांचा राग झेलणाऱ्या त्या होत्या, आणि आजही त्या मानधनावरच आहेत. त्यांची बैठक प्राथमिक आरोग्य केंद्रात, वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या समक्ष ठेवली, तर 'सगळे सहकार्य मिळाले' एवढेच ऐकू येईल. दोन-तीन तालुक्यांतल्या आशांना एकत्र, तालुक्याबाहेरच्या ठिकाणी बोलवावे, प्रवासखर्च आणि त्या दिवसाचा मोबदला द्यावा, आणि नोंदीत गावाऐवजी फक्त 'जिल्ह्याचा पश्चिम भाग' असा उल्लेख ठेवावा. एका गावात आशा एक-दोनच असतात. गावाचे नाव लिहिले की माणूस ओळखू येतो.

पायरी ६ : कागदपत्रे

बहुतेक घरांत त्या दिवसांचे कागद एखाद्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या कप्प्यात किंवा पत्र्याच्या पेटीत ठेवलेले असतात : डिस्चार्ज कार्ड, आरटीपीसीआरचा अहवाल, रेमडेसिविरची चिठ्ठी, रुग्णालयाच्या पावत्या, ई-पासची छापील प्रत, दंडाची पावती, आणि मोबाइलमध्ये खाटेसाठी केलेले मेसेज. हे कागद मूळ स्वरूपात कधीही ताब्यात घेऊ नयेत. त्यांच्यासमोर फोटो काढावा, प्रत्येक फोटोला नोंदीचा क्रमांक द्यावा, यादी करून तिच्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि कागद त्याच क्रमाने पिशवीत परत ठेवावेत. थर्मल कागदावरच्या पावत्यांची अक्षरे उडत चालली आहेत, म्हणून हे काम लांबणीवर टाकू नये. जुने मोबाइल बंद पडण्यापूर्वी त्यांतले संदेश तारखेसह दिसतील असे टिपून घ्यावेत.

पायरी ७ : ऑनलाइन आणि टपालाने आलेली निवेदने

संकेतस्थळावरचे प्रपत्र ठेवावे, व्हॉट्सअॅपवर ध्वनिमुद्रित निरोप स्वीकारावेत, टपालासाठी पत्ता द्यावा. त्यासाठी फार विवेचनाची गरज नाही. एकच सांगणे आहे : एकाच मजकुराची शेकडो निवेदने आली तर ती एका संघटित भूमिकेची नोंद म्हणून एकत्र ठेवावीत, फेकून देऊ नयेत आणि शेकडो स्वतंत्र अनुभव म्हणून मोजूही नयेत.

पायरी ८ : छाननी आणि मांडणी

प्रत्येक नोंद दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे वाचून तिच्यातले विषय चिन्हांकित करावेत आणि मतभेद झाला तर तिसऱ्याने निर्णय द्यावा. विषयांची यादी आधी ठरवून नोंदी तिच्यात बसवू नयेत. पहिल्या शंभर नोंदी वाचून यादी तयार करावी आणि पुढे गरजेप्रमाणे वाढवावी.

अशा नोंदींवरून 'नाशिकच्या ४० टक्के लोकांना खाट मिळाली नाही' असे विधान करता येत नाही. जे बोलले ते जिल्ह्याचा शास्त्रीय नमुना नव्हेत. ब्रिटनच्या उपक्रमानेही आपल्या नोंदी साऱ्या जनतेचे प्रातिनिधिक चित्र असल्याचा दावा केलेला नाही. 'अनेकांनी सांगितले', 'सुरगाणा आणि पेठमधील नोंदींत वारंवार आढळले', 'एकाच व्यक्तीने सांगितले, परंतु कागदपत्रांनी दुजोरा मिळतो' अशी भाषा वापरावी. टक्केवारी हवी असेल तर वेगळे सर्वेक्षण करावे लागेल. एकदा चुकीची टक्केवारी छापून आली की ज्यांना अहवाल नको आहे त्यांना तो बाजूला सारायला निमित्त मिळते, आणि त्याबरोबर खऱ्या हकिकतीही बाजूला पडतात.

नोंदींत डॉक्टर, अधिकारी किंवा रुग्णालयाचे नाव घेऊन आरोप असतील, तर ते मूळ नोंदीत तसेच राहू द्यावेत, मात्र प्रसिद्ध होणाऱ्या संकलनातून वगळावेत. अधिनियमाच्या कलम ८ब नुसार ज्याच्या प्रतिष्ठेला बाधा येण्याची शक्यता आहे, त्याला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते आणि कलम ८क नुसार उलटतपासणीचा हक्क मिळतो. त्याआधी नाव छापणे त्या व्यक्तीवर अन्याय करणारे आहे आणि सांगणाऱ्यालाही अडचणीत आणणारे. असे आरोप वेगळ्या यादीने आयोगाच्या तपास शाखेकडे सोपवावेत.

हकिकतींची सरकारी दप्तराशी पडताळणीही करावी. अमरधाममधील नोंदवह्या, १०८ रुग्णवाहिकेच्या फेऱ्या, ऑक्सिजन पुरवठ्याच्या नोंदी, बिल तपासणी पथकांचे अहवाल आयोग कलम ४ खाली मागवू शकतो. आयोगाला अधिकार नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा : १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत, आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, साधारण १५० शब्दांत. दप्तर आणि हकीकत यांत फरक आढळला, तर दप्तरच खरे असे धरून चालू नये. फरक का पडला, हाच चौकशीचा विषय असतो.

पायरी ९ : पोच, आणि परत जाणे

प्रत्येक नोंदीची पोच त्याच दिवशी द्यावी, क्रमांक आणि संपर्काच्या फोनसह. नोंद लिहून झाल्यावर सांगणाऱ्याला ती वाचून दाखवावी आणि त्याने सुचवलेली दुरुस्ती खोडून न लिहिता शेजारी नोंदवावी. वाचून दाखवताना माणसे हमखास एखादी राहिलेली गोष्ट सांगतात आणि बऱ्याचदा तीच सर्वांत महत्त्वाची असते.

संकलनाचा मसुदा तयार झाल्यावर ज्या ज्या गावात आणि वस्तीत बैठका झाल्या, तिथे परत जावे. ग्रामसभेला जोडून किंवा स्वतंत्र बैठक घेऊन तिथल्या नोंदींतून आयोगाने काय घेतले, काय घेतले नाही आणि का, हे त्यांच्या बोलीत सांगावे. यासाठीचा खर्च आणि दिवस मूळ अंदाजपत्रकातच धरावेत. शेवटी उरलेल्या पैशांतून ही फेरी होत नाही, हा सगळ्याच सरकारी सल्लामसलतींचा अनुभव आहे.

अहवाल सरकारला सादर झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो, त्यावरील कार्यवाहीच्या निवेदनासह, विधिमंडळापुढे ठेवणे कलम ३(४) प्रमाणे बंधनकारक आहे. सादरीकरणाची तारीख सर्व तालुक्यांतल्या संपर्क व्यक्तींना कळवावी आणि सहा महिन्यांची मुदत कोणत्या दिवशी संपते ते पोचपावतीवरच्या फोनवर विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगावे. मुदत उलटूनही अहवाल पटलावर आला नाही, तर आपल्या मतदारसंघाच्या आमदारांना लेखी विचारणा करायची आणि सामान्य प्रशासन विभागाकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा, याचा तयार नमुना शेवटच्या बैठकीतच लोकांच्या हाती द्यावा.